मुलीसाठी कमी ऐकू येणारं, कानाला गोड नाव कसं निवडावं

बहुतेक घरांत नावाचा शोध उलट्या टोकाकडून सुरू होतो. आधी मोबाईलवरच्या याद्या, त्यातलं अर्थ वाचून आवडलेलं एखादं नाव, मग ते आडनावाशी जुळवायची धडपड आणि बारशाच्या आदल्या रात्री स्पेलिंग. 'अगदी वेगळं' म्हणून ठेवलेलं नाव घेऊन मुलगी बालवाडीत जाते आणि हजेरीत त्याच चालीच्या आणखी तिघी निघतात. नाहीतर नाव खरोखरच वेगळं असतं, पण आजीच्या जिभेवर बसत नाही आणि पोर कायमची 'चिऊ' होऊन बसते.

म्हणून खालचा क्रम आडनावापासून सुरू होतो आणि जन्मदाखल्यावर संपतो. अर्थ पाचव्या टप्प्यावर आहे, तो तिथेच राहू द्या. अर्थ आधी कळला की कान पक्षपात करतो. सातव्या महिन्यात सुरुवात केली तर काम निवांत होतं. मुलगा की मुलगी हे आधी कळणार नसल्याने मुलाचीही यादी तयार ठेवावी लागेल, पण इथे मुलींच्या नावांपुरतंच पाहू. बाळ जन्मल्यावर सुरुवात केली तर बारशापर्यंत अकरा दिवस हातात असतात, तेही झोपेविना.

## १. आधी चौकट आखा

एका कोऱ्या कागदावर पूर्ण नाव लिहा, मुलीच्या नावाची जागा मोकळी सोडून. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारी कागदपत्रांत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा क्रमाने लिहिलं जातं. म्हणजे नावाला लागून आता आईचं नाव येतं. आई स्मिता आणि मुलगी अन्विता असेल तर दाखल्यावरची ओळ पाढ्यासारखी वाजते. हे आधी कोणी पाहत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष आडनावावर असतं.

त्याच कागदावर घरातल्या आणि सख्ख्या-चुलत भावंडांच्या नावांची नोंद करा. एकाच घरात रेवा आणि रेवती असल्या की हाक मारल्यावर दोघी येतात, किंवा एकही येत नाही.

पत्रिकेप्रमाणे अक्षर पाळायचं की नाही, हे आत्ताच ठरवा. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, अशी ती १०८ अक्षरं आहेत आणि सगळी सोयीची नाहीत. आर्द्रेला कू, घ, ङ, छ येतात. हस्ताला पू, ष, ण, ठ. उत्तराभाद्रपदेला दू, थ, झ, ञ. ङ किंवा ण वरून नाव शोधत बसू नका. अशा वेळी जन्मनाव पत्रिकेपुरतं ठेवून व्यवहाराचं नाव मोकळेपणाने निवडण्याची रीत आहेच.

शेवटचं म्हणजे अधिकार. आत्या, दोन्हीकडच्या आज्या, काका यांच्यापैकी कोणाचं मत घ्यायचं ते ठरवा आणि प्रत्येकाला फक्त एक नाव *नाकारण्याचा* हक्क द्या. सुचवण्याचा हक्क सगळ्यांना दिला की यादी शंभरावर जाते आणि शेवटी कोणाचं तरी मन राखण्यासाठी नाव ठरतं.

तपासणी: कागदावर मोकळी जागा, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, टाळायचे आवाज आणि नकाराचे हक्कदार, एवढं आहे ना? नसेल तर पुढे जाऊ नका.

## २. चाळीसेक नावं गोळा करा, पण यादीबाहेरून

'मुलींची आधुनिक नावं' अशा याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. तुम्ही वाचता तीच यादी त्या महिन्यात आई होणाऱ्या हजारो जणी वाचत असतात. वेगळं नाव हवं तर विहीर वेगळी हवी.

नद्या. गंगा, यमुना, गोदावरी सगळ्यांना माहीत. पण प्रवरा, पूर्णा, नीरा, वेण्णा, कोयना, दारणा, तेरणा, पवना, इंद्रायणी ही नावं नकाशावरच राहून गेली आहेत. प्रवरा आणि तेरणा म्हणून बघा, जीभ कुठेच अडत नाही. मांजरा मात्र नदी म्हणूनच बरी. वर्गात पहिल्याच दिवशी 'म्याँव' होईल. नीरा सुरेख आहे, पण कोपऱ्यावरच्या नीरा विक्री केंद्राचे विनोद सहन करायची तयारी ठेवा.

संगीत. गोड नाव हवं असणाऱ्यांनी इथे जास्त वेळ घालवावा. रागांपैकी आसावरी, भैरवी माहितीचे. मधुवंती, बागेश्री, रागेश्री, कलावती, सोहनी त्या मानाने कमी ऐकू येतात. त्याहून दुर्लक्षित म्हणजे श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांची, नावं. तेराव्या शतकातले संगीतशास्त्रकार शार्ङ्गदेव यांनी दिलेल्या २२ श्रुतींत रंजनी, आलापिनी, छंदोवती, कुमुद्वती, रम्या, क्षिती आहेत. त्याच यादीत क्रोधा, उग्रा आणि क्षोभिणीही आहेत, तेव्हा आंधळेपणाने उचलू नका.

वृत्तं. मालिनी, शालिनी आजीच्या पिढीत होऊन गेल्या, आता पुन्हा ताज्या वाटतात. शिखरिणी, हरिणी, प्रियंवदा, स्वागता अजून जवळजवळ अस्पर्श आहेत. ओवी गेल्या काही वर्षांत बरीच ऐकू येऊ लागली आहे.

फुलं-वेली. सायली, केतकी, प्राजक्ता, जुई सोडून बकुळा, नेवाळी, माधवी, वासंती, यूथिका, वल्लरी, सोनकी पाहा. जाई-जुईतला ज मराठीत दातांजवळ उच्चारला जातो. महाराष्ट्राबाहेर गेल्यावर तो बदलतो, हे धरून चाला.

संतपरंपरा. मुक्ता, जना यांच्यापलीकडे सोयरा, निर्मळा, बहिणा. नामदेवांच्या घरातल्या गोणाई, राजाई, लाडाई, आऊबाई. यातली शेवटची 'ई' काढून राजा किंवा लाडा उरतं, ते बरं नाही. राजाई अख्खंच ठेवायचं धाडस असेल तर ठेवा, छान वाजतं.

पणजीची पिढी. घरातल्या सगळ्यात वयस्कर व्यक्तीला तिच्या आईच्या, आज्यांच्या आणि त्यांच्या मैत्रिणींची नावं विचारा. वेणू, मंजुळा, सगुणा, द्वारका, गोदा अशी दहा-बारा नावं एका दुपारी मिळतात. मधली एक पिढी गेली की जुनाट वाटणारं नाव पुन्हा नवं वाटायला लागतं, म्हणून आईच्या पिढीपेक्षा पणजीची पिढी जास्त कामाची.

सावध: दोन शब्द चिकटवून, आई-वडिलांच्या नावांची अक्षरं जोडून किंवा नेहमीच्या नावातलं एक अक्षर बदलून नाव 'घडवू' नका. अशी नावं कोशात सापडत नाहीत, ऐकणाऱ्याला ओळखू येत नाहीत, आणि मुलीला प्रत्येक नव्या माणसाला तीच कहाणी सांगावी लागते.

## ३. कानाची परीक्षा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. डोळ्यांनी वाचून नाव गोड आहे की नाही ते कळत नाही. प्रत्येक नाव मोठ्याने, वेगवेगळ्या जागी म्हणावं लागतं.

लिहिलेली आणि ऐकू येणारी अक्षरं वेगळी असतात. मराठीत मधला अ बोलताना गळतो. रेवती लिहिताना तीन अक्षरी, पण कानावर येते 'रेव्ती'. केतकी होते 'केत्की', मालती होते 'माल्ती'. वल्लरीत मात्र जोडाक्षर आधी आल्याने तो अ टिकतो. तीन ठोक्यांचं लयदार नाव म्हणून निवडलेलं नाव प्रत्यक्षात दोनच ठोक्यांचं निघतं ते यामुळे. खरा तिसरा ठोका हवा असेल तर मधलं अक्षर आ, इ, उ, ए, ओ असा स्पष्ट स्वर असलेलं घ्या: मंजिरी, मधुरा, मालिनी, सुमेधा.

मऊ आणि कठीण वर्ण. म, न, य, र, ल, व आणि अनुस्वार यांनी नाव वाहतं. ट, ठ, ड, ढ आणि घ, झ, भ यांनी ठोका बसतो. ठोका वाईट नसतो. नुसत्या मऊ वर्णांचं नाव कधीकधी ओशट लागतं, आणि एखादा त किंवा क मध्ये आला की त्याला कणा येतो. अवनीपेक्षा अवंती उठून दिसते ती या त मुळेच. जोडाक्षर एकच असावं. ज्योत्स्ना हे अर्थाने चांदणं खरं, पण लोक 'जोस्ना' म्हणतात आणि लिहिताना चार तऱ्हा करतात.

ऱ्हस्व-दीर्घाचा झोका. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूची दोन. 'विशाखा' म्हणजे लघु, गुरु, गुरु. 'मालिनी' म्हणजे गुरु, लघु, गुरु. दोन गुरूंच्या मध्ये एक लघु आला की नावाला झोका मिळतो: मंजिरी, यामिनी, मालिनी. हा नियम नव्हे, पण चाळीस नावांतून पंधरा निवडताना फार उपयोगी पडतो.

विभक्ती लावून बघा. इथे भलीभली नावं नापास होतात, कारण यादीत नाव एकटं असतं आणि घरात ते कधीच एकटं नसतं. 'ला, ने, ची, शी' लावून म्हणा. मृणालला, शीतलला, काजलला यात जीभ अडखळते. सुमनने, नूतनने म्हणताना एक न खाल्ला जातो. आ किंवा ई ने संपणारी नावं इथे सहज सुटतात.

नाती जोडून बघा. ही मुलगी पुढे कोणाची तरी ताई, मावशी, काकू, आत्या होणार. शेवटी 'ता' असेल तर अमृताताई, ऋजुताताई असा तोतरेपणा येतो. शेवटी 'मा' असेल तर प्रतिमामावशी. शेवटी 'का' असेल तर राधिकाकाकू, मालविकाकाकू. आकारान्त नावाला आत्या जोडलं की दोन आ एक होतात: मीरात्या, पूर्णात्या. यातलं एखादं खुपलं म्हणून नाव टाकून देऊ नका, पण दोन-तीन खुपले तर जरूर विचार करा.

आडनावाशी सांधा. नावाचा शेवट आणि आडनावाची सुरुवात एकमेकांत विरघळू नये. मीरापुढे आपटे, तेरणापुढे आगाशे आलं की मधली रेघ पुसली जाते. मुक्तापुढे तांबे, ओवीपुढे वैद्य आलं की तेच अक्षर दोनदा आपटतं. आडनाव लांब असेल, चार-पाच अक्षरी 'कर' वालं, तर नाव दोन-तीन अक्षरी ठेवा; आडनाव दोन अक्षरी असेल तर सौदामिनी, मंदाकिनी, इरावती अशी ऐसपैस नावं शोभतात.

हाक. आतल्या खोलीतून मोठ्याने हाक मारा, एकदा लाडाने आणि एकदा रागाने. 'अगं' जोडून म्हणा. मराठीत हाकेचा शेवटचा स्वर लांबतो, त्यामुळे शेवटी आ किंवा ई असलेली नावं दूरवर जातात.

तपासणी: इथे चाळीसची यादी दहा-बारावर यायला हवी. पंचवीस उरली असतील तर तुम्ही मनातल्या मनात वाचताय, मोठ्याने म्हणत नाही आहात.

## ४. खरंच कमी ऐकू येतं का?

इथे एक गल्लत हमखास होते. लोक एकेका नावाची मोजणी करतात. मोजायची असते चाल. मायरा, कायरा, कियारा, शायरा ही नावं कागदावर वेगवेगळी, कानाला एकच. अनाया, शनाया, इनाया यांचंही तेच. आन्वी, जान्वी, तन्वी, मान्वी यांचाही एक गट झाला आहे. आपल्या मुलीचं नाव या गटातलं 'कोणीच न ठेवलेलं' रूप असलं तरी शिक्षिका तिला दुसऱ्याच नावाने हाक मारणार.

म्हणून तीन ठिकाणी चौकशी करा: जवळच्या बालवाडीत किंवा शाळेत छोट्या वर्गांना शिकवणारं कोणी ओळखीचं असेल तर ते, लसीकरण केंद्रावर किंवा बालरोगतज्ज्ञांकडे नाव पुकारतात ते कानावर पडतं ते, आणि गेल्या तीन-चार वर्षांतल्या नात्यातल्या बारशांची नावं. मोठ्यांच्या नावांवरून अंदाज बांधू नका. वैशाली, मनीषा, अर्चना तुमच्या ओळखीत ढिगाने असतील. तान्ह्या मुलींत त्या आज दुर्मीळ आहेत.

दुसरं टोकही सांभाळा. नाव पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते *नाव* आहे एवढं तरी कळलं पाहिजे. कुमुद्वती ऐकून माणूस 'वा, कुठलं नाव?' विचारतो. निव्वळ अक्षरांची मोळी ऐकून तो 'काय म्हणालात?' विचारतो. पहिला प्रश्न चालेल, दुसरा वारंवार आला तर नाव बाद.

## ५. आता अर्थ, आणि तो कोशातूनच

नावांच्या याद्यांत दिलेले अर्थ बरेचदा बनवलेले असतात. कुठलंही नाव उघडा, 'लक्ष्मी', 'सूर्याचा पहिला किरण' किंवा 'देवाची कृपा' यापैकी एक ठरलेलं. संस्कृत शब्दासाठी आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश, मराठी शब्दासाठी मोल्सवर्थ किंवा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश पाहा. तिन्ही इंटरनेटवर शोधता येतात. दोन कोशांत शब्दच नसेल तर यादीतल्या अर्थावर विसंबू नका.

अर्थाने फसवणारी काही नावं:

- अनृता: ऐकायला अमृतासारखं, अर्थ असत्य. जवळचंच सूनृता मात्र खरं आणि गोड बोलणं.
- निर्ऋती: विनाशाची देवता.
- दिती: दैत्यांची माता. अदिती देवांची.
- असिता: काळी. सिता म्हणजे पांढरी किंवा साखर, आणि सीता पुन्हा वेगळी.
- विधी: गुजरातीत नाव म्हणून सर्रास, मराठीत अंत्यविधी आणि नैसर्गिक विधी आधी आठवतात.

शर्वरी, विभावरी, यामिनी, रजनी या सगळ्या रात्रीच. अर्थ अंधाराशी जातो म्हणून कोणी हरकत घेतली तर ती नकाराच्या हक्कात बसवा. आमच्या मते हरकतीचं कारण नाही.

सावध: कोशात एका शब्दाला पाच अर्थ असतात. फक्त पहिला वाचून थांबू नका, शेवटचाही वाचा.

## ६. लेखन पक्कं करा, दोन्ही लिप्यांत

आधी देवनागरी. मराठीत शेवटचा इ-उ दीर्घ लिहितात: श्रुती, प्रीती, क्षिती, वेणू. हिंदी पद्धतीने 'श्रुति' लिहिलं की शाळेत एक आणि दाखल्यावर दुसरं होतं. कृत्तिका नक्षत्राला दोन त आहेत, लोक 'कृतिका' लिहितात. ऊर्मीचा ऊ दीर्घ, उर्वीचा उ ऱ्हस्व. मृण्मयी आणि मृन्मयी दोन्ही लिहिली जातात. तुमचं कुठलं ते एकदाच ठरवा.

मग इंग्रजी स्पेलिंग. मराठीतले काही वर्ण तिथे हमखास घात करतात:

- ऋ मराठीत 'रु' आणि हिंदीत 'रि'. ऋजुता, ऋचा, मृणाल यांत यू घ्यायचा की आय, हे ठरवा. आय घेतला तर मुलगी मराठी शाळेबाहेर 'रिजुता' होईल.
- ज्ञ आपल्याकडे 'द्न्य', हिंदीत 'ग्य'. प्रज्ञा हे नाव डी-एन-वाय आणि जी-वाय अशा दोन तऱ्हांनी लिहिलं जातं.
- ळ आणि ण इंग्रजीत उरतच नाहीत. निर्मळा 'निर्मला' होते. चालणार नसेल तर नावच बदला.
- वेणू इंग्रजीत वाचून 'वेन्यू' होण्याची शक्यता बरीच.

अंकशास्त्रासाठी मध्येच जास्तीचा ए किंवा शेवटी दोन आय घालू नका. पंधरा वर्षांनी दहावीच्या अर्जात तो जास्तीचा ए कोणीतरी गाळतो आणि प्रतिज्ञापत्रं सुरू होतात.

तपासणी: फोनवर पाच जणांना नाव फक्त सांगा आणि देवनागरी व इंग्रजी दोन्हीत लिहून पाठवायला सांगा. पाचपैकी तिघांनी तुमच्यासारखं लिहिलं तर उत्तम. पाचही स्पेलिंगं वेगळी आली तर स्पेलिंग सोपं करा किंवा नाव सोडा.

## ७. उरलेल्या तीन नावांचा आठवडा

तीनच नावं उरू द्या. प्रत्येक नाव दोन दिवस घरात वापरा: 'आज प्रवराला डॉक्टरांकडे न्यायचंय', 'प्रवराची दुपटी वाळली का'. बाळ पोटात असलं तरी चालतं. आजीला आणि चार-पाच वर्षांच्या एखाद्या पोराला म्हणायला सांगा. आजीचे दात आणि पोराचा र, दोन्हीतून नाव ओळखू येईल असं बाहेर पडलं पाहिजे.

याच दिवसांत लघुरूप आपोआप उगवतं. इरावतीची इरा, मंदाकिनीची मंदा होणारच. लघुरूप आवडत नसेल तर पूर्ण नाव ठेवण्यात अर्थ नाही, कारण दिवसभर तेच वापरलं जाणार आहे. चिडवण्याची रूपंही काढा. कोयनाचं कोयता करायला पहिलीतल्या पोराला दोन मिनिटं लागतात. अबोली बडबडी निघाली तर जन्मभर तोच विनोद.

## ८. नोंदणी

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. त्यासाठी नाव ठरलेलं असणं सक्तीचं नाही. नावाशिवाय जन्म नोंदवता येतो आणि १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं. त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. तेव्हा रुग्णालयात फॉर्म पुढे आला म्हणून जे सुचेल ते नाव लिहून देऊ नका. एकदा नोंदवलेलं नाव आवडलं नाही म्हणून बदलणं आणि अक्षराची चूक दुरुस्त करणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली पुढे राजपत्रापर्यंत जाते.

१ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या बदलानुसार त्या तारखेला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, मतदारयादी यांकरता जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थानाचा पुरावा धरला जातो. त्यामुळे या एका कागदावरची चूक पुढे सगळीकडे पोचते.

फॉर्म भरताना:

1. नाव देवनागरीत आणि इंग्रजीत वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून न्या. तोंडी सांगू नका.
2. आईचं आणि वडिलांचं नाव त्यांच्या आधार कार्डावर आहे त्याच स्पेलिंगने लिहा. आईचं माहेरचं की सासरचं नाव, हा घोळ इथेच होतो.
3. घरातलं लाडाचं नाव किंवा पत्रिकेतलं जन्मनाव कंसात जोडू नका.
4. दाखला हातात आल्यावर दोन्ही लिप्यांतलं प्रत्येक अक्षर, जन्मतारीख आणि आईचं नाव दोघांनी स्वतंत्रपणे वाचा.

एखादी काना-मात्रा चुकली असेल तर दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात द्या. आधार आणि बँकेचं खातं दुरुस्त दाखला मिळाल्यावरच काढा.